सोलापूरच्या उन्हात शाळेच्या डब्यात अंड्याचे सॅलड : कसे करावे आणि कसे टिकवावे?

प्रश्न : जुळे सोलापूर येथील एक आई

नमस्कार. माझी मुलगी पाचवीत शिकते. तिची शाळा सकाळी सव्वासातला भरते आणि मधली सुट्टी दहाच्या सुमारास होते. डबा साडेसहाला भरून होतो, म्हणजे भरल्यापासून उघडेपर्यंत तो साडेतीन तास दप्तरातच असतो. वर्गात पंखे आहेत, परंतु मुलांची दप्तरे खिडकीखालच्या कट्ट्यावर ठेवलेली असतात आणि फेब्रुवारी सरला की त्या कट्ट्यावर नऊ वाजल्यापासूनच ऊन येते.

मुलीला उकडलेले अंडे मनापासून आवडते. वाढीच्या वयात डब्यातून पुरेशी प्रथिने मिळावीत अशी माझीही इच्छा आहे, म्हणून आठवड्यातून दोन वेळा तरी अंड्याचे सॅलड द्यावे असा विचार आहे. सकाळी माझ्या हाताशी फार तर वीस मिनिटे असतात, कारण त्याच वेळी सासूबाईंचा नाश्ता आणि नळाचे पाणी भरणे हेही उरकायचे असते. त्यामुळे कृती सोपी हवी.

मुख्य अडचण टिकण्याची आहे. बाजारातील मेयोनीज घालून केलेले सॅलड घरी लगेच खाल्ले तर चांगले लागते, पण डब्यात काकडी-टोमॅटोला पाणी सुटते आणि ब्रेड ओला होऊन त्याचा लगदा होतो. शिवाय इतका वेळ बाहेर राहिलेले अंडे उन्हाळ्यात मुलीला द्यावे की नाही, याचीच मला धास्ती वाटते. मेयोनीज रोज पोटात जाणेही मला पटत नाही. त्याऐवजी घरात असणारे काय वापरता येईल? आणखी एक गोष्ट म्हणजे वास. मुली वर्गातच बसून डबा खातात, शेजारी बसणाऱ्या दोघी शाकाहारी घरांतल्या आहेत, आणि माझ्या मुलीमुळे कोणाला अवघडल्यासारखे होऊ नये असे मला वाटते.

ज्यांनी सोलापूरच्या हवेत असा डबा दिला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : साखर पेठेतील आजी

दोन्ही नातवंडांचे डबे मीच भरते, म्हणून जे हाताखालून गेले आहे तेवढेच सांगते.

पहिली गोष्ट, अंडी सकाळी उकडू नका, आदल्या रात्री उकडा. सकाळच्या घाईत उकडलेले अंडे आतून गरम असतानाच चिरले जाते, गरमच डब्यात जाते, झाकणाला आतून वाफ धरते, आणि पाणी, वास व नासणे या तिन्ही तक्रारी तेथूनच सुरू होतात. रात्री जेवणाची भांडी आवरताना एका बाजूला पाणी उकळत ठेवले तर त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

अंडी गार पाण्यात घालून तापवत बसण्यापेक्षा उकळत्या पाण्यात झाऱ्याने अलगद सोडावीत. उकळते पाणी लागताच पांढऱ्याचा बाहेरचा थर चटकन घट्ट होतो आणि टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला फारसा चिकटत नाही, त्यामुळे सोलताना त्रास होत नाही. फ्रीजमधली अंडी पाण्यात सोडण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढून ठेवली म्हणजे तडकण्याची भीती कमी होते. त्याच दिवशी आणलेली अगदी ताजी अंडी मात्र नीट सोलली जात नाहीत, पांढरे टरफलाबरोबर निघून येते. चार-सहा दिवस घरात असलेली अंडी या कामाला चांगली. मध्यम आचेवर ११ ते १२ मिनिटे पुरतात. डब्यासाठी बलक पूर्ण घट्ट व्हायला हवा, पण त्यापुढे उकळत ठेवू नये, कारण मग बलकाभोवती हिरवट-करडे कडे धरते. पांढऱ्यातील गंधक आणि बलकातील लोह एकत्र येऊन ते कडे तयार होते. त्याने अपाय होत नाही, परंतु ज्या वासाची तुम्हाला काळजी आहे तो वास याच जास्तीच्या उकळण्याने वाढतो. आच बंद केली की अंडी लगेच गार पाण्यात टाकावीत, पाणी कोमट झाले की एकदा बदलावे, आणि गार झालेली अंडी पुसून टरफलासकट फ्रीजमध्ये ठेवावीत.

आता मेयोनीजचे. त्याच्याऐवजी चक्का वापरा. रात्री वाटीभर दही मलमलच्या फडक्यात बांधून गाळणीत ठेवा, खाली भांडे ठेवा आणि ते सगळे फ्रीजमध्येच राहू द्या; आपल्याकडच्या उन्हाळ्यात दही बाहेर टांगले तर सकाळपर्यंत आंबट होते आणि मुले नाक मुरडतात. सकाळी दोन अंड्यांना दोन मोठे चमचे चक्का, अर्धा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मिरपूड आणि बारीक चिरलेली कोथिंबीर एवढे पुरते.

मी त्यात आपली शेंगा चटणी घालते. सोलापुरी चटणी कुटलेली असते, चिमटीत धरली की बोटांना तेल लागते आणि तिचे लहान लहान गोळे होतात. हे गोळे चक्क्यात पूर्ण विरघळत नाहीत, मधूनच दाताखाली येतात आणि फार छान लागतात. शिवाय दाण्यांचे कूट सॅलडमधला ओलावा धरून ठेवते. एक मोठा चमचा चटणी घातली तर वेगळे मीठ, तिखट, लसूण काहीच लागत नाही. लहान मुलांसाठी कमी तिखटाची चटणी घ्यावी.

टोमॅटो डब्यातून काढूनच टाका. त्याच्या आंबटगोड चवीची जागा डाळिंबाचे दाणे उत्तम घेतात. सांगोल्याकडची डाळिंबे आपल्या बाजारात भरपूर येतात, आणि दाणा अखंड असेपर्यंत त्यातून रस बाहेर येत नाही. काकडी हवीच असेल तर ती उभी कापून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून टाका, उरलेली बारीक चिरा, तिला थोडे मीठ लावून दहा मिनिटे ठेवा आणि मग फडक्यात घट्ट पिळा. एवढे पाणी निघते की पाहून नवल वाटते. ढोबळी मिरची आणि गाजर यांना हा खटाटोप लागत नाही. कच्चा कांदा मात्र बंद डब्यात उग्र होतो, तो घालू नका.

ब्रेडऐवजी कडक भाकरी द्या. ज्वारीची पातळ, खडखडीत वाळवलेली भाकरी तुकडे करून वेगळ्या कोरड्या डबीत ठेवावी आणि मुलीने खाताना एकेका तुकड्यावर सॅलड घेऊन खावे. भरतानाच दोन्ही एकत्र केले तर भाकरी मऊ पडते आणि सगळी मजा जाते.

उत्तर : अक्कलकोट रस्ता, टॉवेल कारखान्यातील एक वडील

आजींनी पाककृती पूर्ण सांगितली आहे, मी फक्त डबा थंड ठेवण्याबद्दल लिहितो, कारण कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझाही डबा दुपारपर्यंत टिकवावा लागतो. दुहेरी भिंतीचा, तोंड रुंद असलेला स्टीलचा थर्मास डबा घ्यावा. तो गरम पदार्थांसाठी असतो असे बहुतेकांना वाटते, पण थंड पदार्थही तो तितकाच थंड ठेवतो. सॅलड भरण्यापूर्वी त्यात बर्फाचे पाणी दहा मिनिटे भरून ठेवावे आणि मग ओतून, कोरडे पुसून भरावे. नाहीतर डब्याची भिंतच आतल्या पदार्थाला कोमट करते. सोबत पाण्याची एक छोटी बाटली पाऊण भरून रात्री बर्फाच्या कप्प्यात ठेवावी आणि सकाळी सुती नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याला अगदी चिकटून ठेवावी. मधल्या सुट्टीपर्यंत ती बरीचशी वितळलेली असते आणि मुलांना गार पाणीही मिळते. बाटली काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना फुगते.

उत्तर : होटगी रस्ता, आहारतज्ज्ञ

आपली धास्ती योग्य आहे, पण त्यामुळे अंडे डब्यातून बाद करण्याचे कारण नाही. शिजवलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात. या पट्ट्यात शिजवलेले अंडे दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि भोवतालची हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि मार्चमध्येही दहा वाजेपर्यंत ३२ अंश सहज होतात. म्हणून आपल्या साडेतीन तासांसाठी वर सांगितलेला थंड केलेला थर्मास आणि गोठवलेली बाटली या दोन्ही गोष्टी मी सोय म्हणून नव्हे, तर अट म्हणून सांगेन. ज्या दिवशी वीज गेल्यामुळे बर्फ झाला नसेल त्या दिवशी अंडे घरीच न्याहारीला द्यावे आणि डब्यात शेंगा चटणी, भाकरी आणि एखादे फळ द्यावे. दप्तर उन्हाच्या कट्ट्याऐवजी बाकाखाली ठेवण्याची सवय मुलीला लावावी, कारण बर्फाची बाटली असली तरी थेट ऊन तिला लवकर हरवते.

मेयोनीजविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. अशा सॅलडमध्ये आधी मेयोनीजच नासते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात कारखान्यात तयार झालेले मेयोनीज आंबट असते आणि त्या आंबटपणामुळे त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. धोका अधिक असतो तो कोमट राहिलेल्या अंड्याचा, चिरणाऱ्या हातांचा आणि सुरी-पाटाचा. कच्चे अंडे हाताळल्यावर साबणाने हात न धुता उकडलेले अंडे सोलले, तर उकडण्याचा उपयोगच राहत नाही. कच्च्या अंड्याचे घरगुती किंवा गाड्यावरचे मेयोनीज मात्र मुलांना अजिबात देऊ नये. विषबाधेच्या घटनांनंतर शेजारच्या तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये अशा मेयोनीजवर एक वर्षासाठी बंदी घातली होती, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे. पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर मेयोनीज बहुतांशी तेलच असते. त्याच्या एका मोठ्या चमच्यातून सुमारे ९० ते १०० कॅलरी मिळतात आणि प्रथिने जवळजवळ शून्य. चक्क्यातून प्रथिनेही मिळतात आणि कॅल्शियमही, म्हणून आजींचा पर्याय मला सर्वार्थाने पसंत आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १० ते १२ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम मिळतात. दोन अंडी, दोन चमचे चक्का आणि शेंगा चटणी असा डबा म्हणजे दिवसाच्या गरजेपैकी जवळजवळ निम्मी प्रथिने सकाळीच मिळाली. बलक काढून टाकण्याची जी पद्धत काही घरांत रूढ होत आहे ती निरोगी मुलांच्या बाबतीत चुकीची आहे, कारण अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे आणि मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन मुख्यतः बलकातच असते.

अंड्यात दोन गोष्टी नसतात : तंतू आणि क जीवनसत्त्व. तंतू ज्वारीच्या भाकरीतून येतात. क जीवनसत्त्व कच्च्या ढोबळी मिरचीतून आणि लिंबातून मिळते, आणि त्याचा दुहेरी फायदा आहे, कारण अंड्यातील लोह एरवी शरीरात कमी शोषले जाते आणि क जीवनसत्त्व सोबत असले की ते शोषण सुधारते. हिवाळ्यात पेरूच्या दोन फोडी ठेवल्या तरी हेच काम होते. मीठ मात्र जपून वापरावे. चटणीत असते तेवढे पुरे आहे.

प्रतिसाद : जुळे सोलापूर येथील आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चक्का आणि शेंगा चटणी यांची जोडी माझ्या मनातही आली नव्हती. आता फक्त दोन प्रश्न उरतात. शेजारच्या मुलींचा विचार कसा करावा, याबद्दल कोणी शिक्षक सांगू शकतील का? आणि आजी, रविवारी एकदाच अंडी उकडून ठेवली तर ती आठवड्यातल्या दोन्ही डब्यांना चालतील का?

उत्तर : एक वर्गशिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

ताई, आपण हा प्रश्न विचारलात हेच मला फार मोलाचे वाटते. सर्वप्रथम वर्गशिक्षिकेशी बोलावे आणि शाळेचा नियम विचारून घ्यावा. काही शाळांमध्ये मांसाहारी डब्याला परवानगी नसते आणि अंडे त्यात धरले जाते; असे असेल तर नियम पाळावा आणि अंडे घरी द्यावे, कारण डबा बंद करून परत न्यायला सांगितले की मुलाच्या मनाला ते फार लागते. त्या दिवशी हीच कृती मोड आलेली मटकी वाफवून किंवा पनीरचे तुकडे घालून करता येईल.

परवानगी असेल तर लपवाछपवी अजिबात करू नये. शेजारच्या मुलींच्या आयांना एक निरोप द्यावा, की अमुक वारी डब्यात अंडे असते आणि चमचा, नॅपकिन, डबी सगळे वेगळे असते. माझ्या अनुभवात बहुतेक पालक हे समजून घेतात. राज्य शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेतील पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले, तेव्हा आमच्या वर्गात एकाच पंगतीत दोन्ही खाल्ले जात होते आणि मुलांनी त्यावरून कधी एकमेकांना दुखावले नाही. वार निवडताना मात्र वर्गातल्या घरांचा विचार व्हावा. आपल्या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुले एका बाकावर बसतात, कोणाकडे सोमवार पाळतात तर कोणाकडे गुरुवार, आणि श्रावणात तर अंडे खाणारी घरेही ते बंद ठेवतात.

मुलीला एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी : या डब्यातला घास कोणालाही देऊ नये, मैत्रिणीने मागितला तरी देऊ नये. हे केवळ आहाराच्या नियमांसाठी नाही. अंडे आणि शेंगदाणे या दोन्हींची काही मुलांना ॲलर्जी असते, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वासही कोंडतो, आणि त्या मुलाला स्वतःलाही ते आधी ठाऊक नसते.

मधल्या सुट्टीबद्दल एक व्यावहारिक सूचना करते. सुट्टी वीस मिनिटांची दिसली तरी हात धुण्याच्या रांगेत आणि जागेवर बसण्यात त्यातली सात-आठ मिनिटे जातात, आणि खेळायला पळायची घाई असतेच. म्हणून अंड्याचे तुकडे हरभऱ्याएवढे बारीक असावेत आणि प्रमाण मुलगी दहा मिनिटांत संपवू शकेल एवढेच असावे. थर्मास डब्याचे झाकण मुलीच्या हाताने उघडते का, हे आदल्या दिवशी घरी पाहावे. थंड डब्यात हवेचा दाब कमी होऊन झाकण घट्ट बसते, आणि झाकण न उघडल्यामुळे भरलेला डबा तसाच घरी परत नेणारी मुले मी पाहिली आहेत.

उत्तर : साखर पेठेतील आजी

टरफलासकट फ्रीजमध्ये ठेवलेली उकडलेली अंडी आठवडाभर चालतात, त्यामुळे रविवारी चार अंडी उकडून मंगळवार आणि शुक्रवार असे दोन्ही डबे होतील. त्यांना दाराच्या कप्प्यात ठेवू नका, सारखे उघडल्याने तिथे गारवा टिकत नाही. आतल्या बाजूला झाकणाच्या डब्यात ठेवा. सोलायची मात्र ज्या दिवशी डबा असेल त्या सकाळीच. उकडताना टरफलावरचा नैसर्गिक लेप निघून जातो, म्हणून उकडलेले अंडे कच्च्यापेक्षा लवकर खराब होते आणि एकदा फ्रीजमधून काढून तासन्‌तास बाहेर राहिलेले अंडे पुन्हा आत ठेवून वापरू नये.

दही शनिवारी विरजावे, रविवारी रात्री बांधावे; चक्का घट्ट झाकणाच्या डबीत शुक्रवारपर्यंत राहतो, पण वापरण्यापूर्वी वास घेऊन पाहावा आणि आंबट वाटला तर तो कढीत घालावा, डब्यात नको. काकडी आणि डाळिंब मात्र त्या त्या सकाळीच.

उकडलेल्या अंड्यावर पेन्सिलीने वार लिहून ठेवा म्हणजे घरातले दुसरे कोणी कच्च्या अंड्यांत त्याची सरमिसळ करणार नाही. तरीही शंका आली तर अंडे ओट्यावर आडवे ठेवून फिरवा; उकडलेले सरळ, वेगात फिरते आणि कच्चे डगमगत लवकर थांबते.